चिकाटी निर्दोष नसल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
अन्न नोंदणी व पडताळणी कक्ष,
पूर्व उपनगरे विभाग, मुंबई.

अर्जदार : सौ. अनुपमा सुबोध कोचरेकर,
ब विंग, दुसरा मजला, परिमळकुंज सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई.
(भाडेकरू. मालक नव्हे. पुढे याचा संबंध येतो.)

विषय : ‘चिकाटी’ या गव्हाच्या पदार्थास आपण दिलेल्या दाखल्यातील ‘निर्दोष’ हा शब्द काढून टाकण्याबाबत, व तो निघेपर्यंत दाखला परत करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, पदार्थात मांस असल्याबद्दल.
२) आपलीच नोटीस, त्याच आठवड्यातली, पदार्थात मांस नसल्याबद्दल.
३) आपला दाखला, ज्याची मी पावसाळाभर वाट पाहिली.

महोदय,

आपण दिलेला दाखला मिळाला. तो या अर्जासोबत परत करीत आहे. असे सहसा कोणी करीत नाही, हे मला आपल्या आवक खिडकीवरील बाईंनी फोनवर सांगितलेच. आधी दाखला नाही म्हणून फेऱ्या मारता आणि मिळाला की परत करता, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे रास्त आहे. तरीही मी परत करीत आहे.

दाखल्यातील वाक्य असे आहे : “सदर पदार्थ पूर्णतः गव्हापासून बनविलेला असून मांसविरहित व निर्दोष आहे.” यातील ‘मांसविरहित’ येथपर्यंत माझी हरकत नाही. पुढचा एक शब्द मला नको आहे. मी लग्नाआधीपासून एका विमा कंपनीच्या दावे विभागात पत्रे लिहीत आले. मृत्यूच्या कारणापुढे ‘नैसर्गिक’ लिहिले की ‘अपघाती’, यावर एका घराचे काय होते ते मी पाहिले आहे. त्यामुळे शब्दाचे एवढे काय, हे मला कृपया सांगू नये. ते सांगणारे घरात आणि सोसायटीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याविषयीही पुढे लिहिले आहे.

१. प्रथम पदार्थाविषयी, कारण त्याची फाइल आपल्याकडे इतक्या टेबलांवरून फिरली, पण तो कोणी चाखल्याची नोंद तीत नाही.

कणीक घट्ट मळायची, पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग पाणी बदलत बदलत ती धूत राहायची. दुधासारखे पांढरे पाणी निघते. तो चीक. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना तो ठाऊक आहे. कुरडया करणाऱ्या बायकांना चीक हवा असतो आणि बाकीचे नको असते. माझे उलटे आहे. चीक निघून गेला की हातात एक रबरासारखा गोळा राहतो, ताणला तरी तुटत नाही. गव्हातले जे काही प्रथिन, ते बहुतेक सगळे या गोळ्यात असते. तो शिजवून त्याचे तुकडे केले, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मालवणी मसाला घालून त्याची सागोती, जी आमच्याकडे एरवी मटणाची करतात, ती केली, की चावताना दाताला काम मिळते. पूर्वेकडच्या देशांतील मठांमध्ये मांस वर्ज्य केलेले लोक हा पदार्थ शतकानुशतके खात आले आहेत. म्हणजे मी काही नवा शोध लावलेला नाही, आणि तसा दावाही कधी केलेला नाही.

नाव मात्र आमच्या घरचे आहे. माझ्या सासूबाई श्रीमती जानकी कोचरेकर पहिल्या दिवशी ओट्याशी उभ्या राहून माझे कणीक धुणे बघत होत्या. पांढरे पाणी मोरीत चालले आहे म्हणून आधी त्या रागावल्या. मग गोळा हातात घेऊन त्यांनी तो ताणून पाहिला आणि म्हणाल्या, “चीक गेलो पाण्यात, रवली ती चिकाटी.” तेच नाव पाकिटावर छापले. रोमन अक्षरांत ते पाकिटावरच्यासारखे ‘Chickati’ असे लिहिले असता त्याची पहिली पाच अक्षरे कोंबडीच्या इंग्रजी नावाशी जुळतात, असा आक्षेप आपल्या पहिल्या नोटिशीत आहे. महोदय, ‘चिकाटी’ हा मराठी शब्द आहे. तो शाळेच्या प्रगतिपुस्तकावर असतो. आजवर कोणत्याही मुलाच्या आईने मुख्याध्यापकांकडे जाऊन, आमच्या मुलात कोंबडी आहे असे का लिहिले, अशी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२. आता हा पदार्थ का करावा लागला ते.

आमची घाटकोपरची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही मुलुंडला भाड्याने आलो. येथील करारनाम्यात एक कलम आहे : या जागेत मांस, मासे व अंडी आणता, शिजविता वा सेवन करता येणार नाहीत. आम्ही ते वाचले होते. घर हवेशीर होते, उद्वाहक होते, माझे यजमान सुबोध पवईला ज्या कंपनीत कामाला आहेत तेथे जायला बसही सरळ होती. आम्ही दोघांनी सही केली. सासूबाईंची सही कोणी मागितली नाही. सही आमची झाली आणि तोंड त्यांचे बंद झाले.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. ताटात मासळी नसेल तो दिवस उपासाचा, असा त्यांचा हिशेब. येथे आल्यावर त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त जेवण कमी झाले. आधी भाकरी गेली, मग भात निम्मा झाला, मग नुसत्या पेजेवर आल्या. भूक नाही म्हणायच्या. पुढे पायांवर सूज आली. डॉक्टरांनी रक्त तपासले, अंगात प्रथिन कमी आहे म्हणाले आणि आहारतज्ज्ञ श्रीमती शर्मिष्ठा देवल यांच्याकडे पाठवले. देवलबाईंनी पहिल्या ओळीत अंडी लिहिली आणि दुसऱ्या ओळीत मासे. आम्ही त्यांना करारनाम्याचे कलम सांगितले. त्यांनी दोन्ही ओळींवर काट मारली आणि दूध-पनीर लिहिले, जे सासूबाईंना पचत नाही. डाळी लिहिल्या. डाळ त्या खात होत्या, पण पेजेबरोबर माणूस डाळ खाऊन खाऊन किती खाणार?

तेव्हा सुबोध यांनी एक तोड काढली. स्टेशनाजवळ उकडलेल्या अंड्यांची गाडी लागते. संध्याकाळी आईला फिरायला न्यावे आणि तेथे दोन अंडी खायला घालून आणावे. करारही मोडत नाही आणि पोटातही जाते. मला ही युक्ती पसंत पडली होती, हे मी लपवत नाही. सासूबाई चपला घालून निघाल्यासुद्धा. गाडीपाशी गेल्यावर त्यांनी कागदावरच्या अंड्याकडे बघितले आणि मुलाला म्हणाल्या, “रस्त्यार उभी रवान खाव काय? माका घर नाय?”

दोघे तसेच परत आले. त्या दिवशी सुबोध जेवले नाहीत.

महोदय, चिकाटीचा उगम हा असा आहे. आपल्या नमुन्यातील ‘पदार्थनिर्मितीचा उद्देश’ या रकान्यात मी ‘आहार’ एवढेच लिहिले होते, कारण जागा कमी होती.

३. पौष्टिकतेविषयी. आपल्या नोटिशीत सर्वांत जास्त जागा याच विषयाने घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पाकिटावर मी असे छापले आहे : शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकाटीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिन असते, चरबी नाममात्र. शिजवलेल्या मटणात प्रथिन यापेक्षा थोडे जास्त, म्हणजे आकड्यांत चिकाटी फार मागे नाही. पण आकडा म्हणजे सगळे नव्हे. गव्हाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. शरीराला तो बाहेरूनच घ्यावा लागतो. डाळींत तो भरपूर असतो. म्हणून पाकिटावर तांबड्या अक्षरांत ओळ आहे : “नुसती खाऊ नये. सोबत डाळ खावी.” त्याखाली, मांसातून मिळणारे बी-१२ यात नाही, असे आहे. त्याखाली, ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी हिला हातही लावू नये, असे आहे. या तिन्ही ओळी देवलबाईंनी सांगितल्या आणि मी छापल्या.

आपले निरीक्षक श्री. यज्ञेश पाठारे यांनी अहवालात लिहिले आहे की, विक्रेता स्वतःच्याच मालाचे उणे पाकिटावर छापतो हे व्यवहाराला धरून नाही, सबब संशयास्पद आहे. आजवर त्यांनी असे पाकीट पाहिलेले नाही, हे त्यांचे म्हणणे मला खरे वाटते. त्यात दोष पाकिटाचा आहे असे मला वाटत नाही.

त्याच अहवालात पुढे असा तर्क आहे : गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅमला दहा-बारा ग्रॅम प्रथिन असते. या पदार्थात त्याच्या दुप्पट सापडले. सबब हा पदार्थ केवळ गव्हाचा असू शकत नाही. महोदय, दूध आटवले की खवा होतो. खव्यात दुधाच्या मानाने सगळेच जास्त असते. म्हणून हलवाई खव्यात बकरा घालतो, असे आपण म्हणत नाही. पिठातला चीक धुऊन काढला की उरलेल्या गोळ्यात प्रथिन दाट होणारच. हे समजावून सांगण्यासाठी मी श्री. पाठारे यांच्यासमोर आपल्याच कार्यालयाच्या पाणपोईच्या नळाखाली कणीक धुवायला तयार होते. परवानगी मिळाली नाही. नळ पिण्याच्या पाण्याचा आहे, असे कारण मिळाले.

४. तक्रार कशी सुरू झाली, तेही नोंदीवर असावे.

सासूबाई जेवू लागल्या. त्यांना प्रथिनाइतकीच चावायला काहीतरी असण्याची गरज होती, असे माझे मत झाले आहे. सागोतीत बोट बुडवून चाटायच्या आणि ह्या मटाण नाय, असे बजावून पुन्हा वाढून घ्यायच्या. सोबत डाळ होतीच. पायांची सूज हळूहळू उतरली. मग त्या गच्चीवर मिरच्या वाळवायला जाऊ लागल्या आणि तेथे भेटणाऱ्या बायकांना सागोतीचे वर्णन सांगू लागल्या. त्यातून मागणी आली, मागणीतून पाकिटे आली, आणि आपल्याच कक्षाकडे ‘गव्हाचे पदार्थ’ या सदरात मी गृहोद्योगाची नोंदणी केली.

संस्थेचे सचिव श्री. नंदकुमार गोगटे यांनी आपणाकडे तक्रार केली की, ब विंगच्या जिन्यात मटणाचा वास येतो. संस्थेचे नाव परिमळकुंज आहे. मी त्यांना समजावले की हा वास धणे, बडीशेप, दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याचा आहे. यातली प्रत्येक वस्तू त्यांच्याही घरच्या डब्यांत आहे. त्यांना पटले नाही. तेव्हा पुढच्या रविवारी मी त्याच मसाल्यात बटाटे शिजवले आणि खिडकी उघडी ठेवली. दुपारी जेवणाच्या आत लेखी तक्रार आली. त्या तक्रारीची प्रतही आपल्या फाइलला लावलेली आहे. ती बटाट्याविरुद्ध आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

५. त्यानंतर आपल्या कक्षाने केलेली कार्यवाही थोडक्यात देते. ती वाचताना मी काही वाढवून लिहिले आहे असे वाटल्यास फाइल पाहावी.

तक्रारीत ‘मटण’ हा शब्द असल्याने माझी नोंदणी गव्हाच्या सदरातून काढून मांसाच्या सदरात टाकण्यात आली. मांसाच्या सदरातील ऑनलाइन अर्ज भरल्याशिवाय खुलासा दाखल होत नाही. त्या अर्जात ‘प्राण्याचा प्रकार’ हा रकाना सक्तीचा आहे. शेळी, मेंढी, कोंबडी, डुक्कर व इतर असे पर्याय आहेत. मी ‘इतर’ निवडून पुढे ‘गहू’ लिहिले. मग ‘कत्तलीचे ठिकाण’ असा रकाना उघडला. मी पिठाच्या गिरणीचा पत्ता दिला. ‘कत्तलीची पद्धत’ येथे मी ‘दळून’ असे लिहिले. ‘कत्तलीपूर्वी प्राण्याची पशुवैद्यकीय तपासणी झाली होती काय’ या प्रश्नाला मी ‘निवडून व पाखडून घेतला होता’ असे उत्तर दिले. हा अर्ज आपल्याकडे मंजूर झाला. तशी पोच माझ्याकडे आहे. कायद्याने पाहता, मुलुंडच्या त्या गिरणीत आज गव्हाची रीतसर कत्तल होते.

याच सुमारास घाटकोपरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवरून चिकाटी मागवली आणि तीत चिकन नसल्याची तक्रार केली. नाव रोमन अक्षरांत होते आणि त्यांनी ते घाईत वाचले. मी त्यांचा राग समजू शकते. रविवारी चिकनच्या आशेने डबा उघडावा आणि गहू निघावा, हे दुःख मोठे आहे. मी त्यांची माफी मागितली आणि त्यांना दुसऱ्यांदा सागोती पाठवली. आता ते नेमाने मागवतात. पण तोवर आपली दुसरी नोटीस निघाली होती. अशा रीतीने एकाच आठवड्यात, एकाच सहीने, मला विचारण्यात आले की या पदार्थात मांस का आहे आणि या पदार्थात मांस का नाही. मी दोन्ही नोटिशींना एकच उत्तर पाठवले. पहिल्या टेबलाने ते अमान्य केले आणि दुसऱ्याने मान्य केले.

६. आता मी मूळ मुद्द्याकडे येते, आणि येथून पुढे थट्टा नाही.

संस्थेच्या समितीने ठराव केला की, अर्जदाराने आपल्या कक्षाचा दाखला आणावा, अन्यथा करार संपवून जागा रिकामी करण्यास घरमालकांना सांगण्यात येईल. मी दाखला मागितला. तो येईना. दरम्यान नमुना प्रयोगशाळेत गेला आणि तेथून निर्वाळा आला की गव्हाखेरीज दुसरे काही सापडले नाही. हे कळल्यावर समितीने ठरावात दुरुस्ती केली. पदार्थ शाकाहारी असला तरी त्यामागील भावना मांसाहारी आहे, असे सभेत बोलले गेले. मांसाची आठवण करून देणाऱ्या पदार्थांनाही कलम लागू व्हावे, असे एका सभासदांनी सुचवले. मी विचारले की आठवण कोणत्या यंत्राने मोजतात. सासूबाईंना सुरमईची आठवण रोज येते. त्याबद्दल जागा रिकामी करायची असेल तर तसे लेखी द्या, असे मी म्हणाले. शेवटी श्री. गोगटे यांनीच मध्यम मार्ग काढला. दाखला येऊ द्या, येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेपूर्वी तो फलकावर लावू द्या, पुढचे मी सांभाळतो, असे त्यांनी सर्वांना सांगितले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांच्या नाकाची आणि माझ्या मसाल्याची ओळख नाही, एवढेच.

आणि परवा आपला दाखला आला.

माझे काम झाले होते. सुबोध यांनी पेढे आणले. मी दाखला सासूबाईंना वाचून दाखवला, कारण चिकाटीचे नाव त्यांचे आणि खटाटोपही मुळात त्यांच्यासाठी. ‘मांसविरहित व निर्दोष’ येथे त्यांनी मला थांबवले आणि निर्दोष म्हणजे काय ते विचारले. मी म्हणाले, म्हणजे काही गुन्हा नाही, असे. त्यांनी पेढा ताटलीत ठेवला. रागाने नव्हे, खरेच विचारावे तसे त्यांनी विचारले, “मगे मी जल्मभर खाल्लंय, तो गुन्हो काय गो?”

महोदय, मी आयुष्यभर लोकांच्या दाव्यांना उत्तरे लिहिली.  या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या हातातल्या कागदावर, आपल्या शिक्क्यासकट, छापलेले होते.

७. सबब ‘निर्दोष’ या शब्दाला माझ्या दोन हरकती आहेत. त्या परस्परविरोधी वाटतील, पण तशा नाहीत.

पहिली हरकत आहारशास्त्राची. चिकाटी निर्दोष नाही. तिच्यात लायसिन कमी आहे, बी-१२ नाही, आणि गहू न सोसणाऱ्याला ती अपायकारक आहे. हे मी स्वतः पाकिटावर छापले आहे. आपण तिला निर्दोष म्हणालात तर उद्या कोणी नुसतीच चिकाटी खाऊन, शासनानेच सांगितले आहे, असे म्हणेल. ‘सोबत डाळ खावी’ ही ओळ काढून टाकावी, अशी सूचना आपण दाखल्यासोबतच्या पत्रात केली आहे, कारण निर्दोष पदार्थावर ती विसंगत दिसते. ती ओळ मी काढणार नाही. त्या ओळीने माझ्या सासूबाईंच्या पायांची सूज उतरली आहे. शब्द आपला काढा, ओळ माझी राहू द्या.

दुसरी हरकत अशी की, मांस नाही म्हणून जे निर्दोष, ते मांस असते तर सदोष ठरले असते. आपण तसे लिहिलेले नाही, पण वाचणारा तसेच वाचतो, आणि वाचणारी माझ्या समोर बसली होती. माझे सासरे कापडगिरणीत राबले. पगाराच्या रविवारी घाटकोपरच्या खोलीत मटण शिजायचे आणि त्यातले वाटीभर शेजारी जायचे. त्यात कोणाचा अपराध नव्हता. त्या खोलीत सासूबाईंनी चार मुलांना बांगडा-भात खाऊ घालून मोठे केले. त्यातला एक आज पवईतल्या उंच इमारतींच्या लिफ्ट चालू ठेवतो. आपणही दररोज एखाद्या लिफ्टने वर जात असाल. ती कोणत्या प्रथिनावर चालते, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

म्हणून मी या अर्जाद्वारे माझे आधीचे सर्व अर्ज मागे घेते. त्या अर्जांत मी विनवले होते की माझ्या स्वयंपाकघरात मांस नाही असे कृपा करून लिहून द्या. मी हात जोडून ते मागितले, जणू असते तर मी तोंड दाखवू शकले नसते. आता मी एवढेच मागते की, खरे काय ते लिहावे. हा पदार्थ गव्हाचा आहे. यात मांस नाही. येथे पूर्णविराम द्यावा. त्यापुढे शाबासकी नको आणि माफीही नको. करारातील कलम आम्ही पाळत आलो आहोत आणि या घरात आहोत तोवर पाळू, कारण आम्ही सही केली आहे. पण सही पाळणे वेगळे आणि लाज वाटणे वेगळे.

८. हे सगळे मी कशाच्या बदल्यात करीत आहे, याची मला जाणीव आहे. आहे तसा दाखला फलकावर लावला की रविवारी विषय मिटतो. श्री. गोगटे काल स्वतः वर आले होते. वहिनी, शब्दाचे काय धरून बसता, असे ते कळवळून म्हणाले. सुबोधही आधी माझ्यावर चिडले. आधी घर, मग व्याकरण, असे म्हणाले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. या दिवसांत, तेही म्हातारे माणूस घेऊन, नवे भाड्याचे घर शोधणे म्हणजे काय ते आम्ही एकदा पाहिले आहे. घरमालक भाड्याआधी ताटात काय असते ते विचारतात.

मग सुबोध आईच्या खोलीत गेले. आत काय बोलणे झाले मला माहीत नाही. बाहेर आले ते दाखला पाकिटात घालूनच, आणि अर्ज लिहून झाला की मीच नेऊन देतो म्हणाले. त्यांनी आज पवईच्या कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढली आहे. हा अर्ज घेऊन जे आपल्यासमोर उभे आहेत, ते तेच. ते कमी बोलतात. कृपया त्यांना बसायला सांगावे.

दुरुस्त दाखला रविवारपूर्वी मिळाला, तर मी तो फलकावर लावीन. नाही मिळाला, तर सभेला मी कागदाशिवाय जाईन, सासूबाईंना सोबत घेऊन. त्यांना गुडघ्यामुळे जिना उतरायला वेळ लागतो, पण उद्वाहकाने नेऊ नको म्हणाल्या आहेत. उतरताना जिन्यात कसला वास येतो ते त्यांना स्वतः बघायचे आहे.

आपण या प्रकरणी आजवर नोटिसा वाचल्या, अहवाल वाचला आणि माझे अर्ज वाचले. पदार्थ चाखला नाही. म्हणून सोबत डबा पाठवीत आहे. तो लाच समजू नये. तो पुरावा आहे, आणि गरम असतानाच तपासावा लागतो.

विनंतीचे शब्द संपले म्हणून हट्टावर आलेली,
तरीही आपली नम्र,

(सही)
अनुपमा सुबोध कोचरेकर
मुलुंड (पूर्व), दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) आपला दाखला, मूळ प्रत, न चुरगळता.
२) चिकाटीच्या पाकिटाचे वेष्टन, तांबड्या ओळींसह.
३) स्टीलचा डबा, झाकणावर ‘सौ. जानकी’ असे कोरलेला. तो त्यांच्या लग्नातला आहे, परत हवा आहे. पाठवण्यापूर्वी आमचा पत्ता विचारून घ्यावा, रविवारनंतर बदललेला असू शकतो.
४) डब्याच्या खालच्या पुडात : चिकाटीची सागोती.
५) वरच्या पुडात : डाळ. सोबत खावी.